वाऱ्यात डिस्क भरकटते? आधी नाक बघा, मग खिसा

मे संपत आला आणि पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या डिस्क गोल्फच्या माळावर एकच तक्रार ऐकू येते: “दादा, ही डिस्क बिघडली वाटतं.” ही तक्रार मी इतक्या जणांची ऐकली आणि सोडवली आहे की आता डिस्क हातात न घेताच अर्धं उत्तर देतो. पहिली तक्रार माझीच होती. त्या पावसाळ्यात ‘वाऱ्यासाठी’ म्हणून मी तीन नव्या डिस्क मागवल्या आणि तिन्ही जुनीसारख्याच वर चढून मागे पडल्या. दोष माझ्या मनगटात होता. म्हणून खालच्या तपासण्यांत पैसे लागणारी गोष्ट शेवटी ठेवली आहे. मधल्या पायऱ्या गाळून थेट तिथे उडी मारू नका.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकायची, पडली तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायची. नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लब मैदानच आठवतं. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट होतं, सकाळ-संध्याकाळ माणसं चालायला येतात. आम्ही तिथे खेळत नाही, कारण माणसांच्या गर्दीत १७० ग्रॅमची कडक तबकडी फेकणं हा खेळ नव्हे. आमचा माळ गंगापूर रोडच्या पुढे, एका ओळखीच्या बाबांचा, मुरमाड, एका कडेला द्राक्षबाग. धरणाच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला तिथे अडवणारं काहीच नाही.

आधी लक्षणं

सगळं वर्णन उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बॅकहँड फेकताना डावं-उजवं उलटं धरावं. उजव्या हाताच्या फोरहँडलाही तेच.

वारा समोरचा. डिस्क हातातून बरी सुटते, वीस-पंचवीस पावलांवर अचानक वर चढते, हवेत क्षणभर उभी राहते आणि डावीकडे मागे सरकत खाली येते. अंतर नेहमीच्या निम्मं. सगळ्यात जास्त आढळणारा आजार हाच.

वारा समोरचाच, पण डिस्क वर जात नाही. उजवीकडे कलते, कलतच जाते आणि कन्नी चुकलेल्या पतंगासारखा गोता खाते.

वारा पाठचा. आज लांब जाईल असं वाटतं आणि ती दगडासारखी खाली बसते, तीही डावीकडे.

वारा आडवा. डिस्क बांधापलीकडे, बहुधा द्राक्षांच्या तारांत.

आणि पुट, म्हणजे बास्केटमध्ये टाकण्यासाठी जवळून केलेली फेक. सहा-सात मीटरवरून डिस्क बास्केटच्या डोक्यावरून निघून जाते, नाहीतर पुढच्या कडेला आपटून कडेवर उभी राहते आणि उतारावरून घरंगळत सुटते.

असं का होतं, थोडक्यात

डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही, अंगावरून जाणाऱ्या हवेचा कळतो. ताशी ७० किलोमीटरने फेकलेली डिस्क ताशी २० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात शिरली की तिला हवा ९० ने लागते. हवेची उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे इथे दीडपटीहून जास्त होते. तेवढाच वारा पाठचा असला तर तिला हवा ५० नेच लागते आणि उचल निम्म्यावर येते. वर चढणं आणि दगडासारखं बसणं या दोन्हींचा हिशेब एवढ्यात आला.

उजवीकडे कलण्याचं कारण जरा आडवळणाचं आहे. डिस्क वेगात असताना उचलीचा जोर तिच्या मध्याच्या किंचित मागे लागतो. त्यामुळे नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, खाली जायला हवं. पण डिस्क भोवऱ्यासारखी फिरत असते आणि फिरत्या वस्तूला एका बाजूला ढकललं की ती काटकोनात दुसरीकडे झुकते. म्हणून नाक खाली जाण्याऐवजी ती उजवीकडे कलते. वेग उतरला की जोर मध्याच्या पुढे सरकतो आणि ती डावीकडे वळते. समोरच्या वाऱ्यात तिला वेग जास्त ‘वाटतो’, म्हणून उजवीकडचा कल वाढतो. शांत हवेत खपून जाणारी तीन अंशांची चूक वाऱ्यात तीस पावलांची होते.

पहिली तपासणी: वारा खरंच कुठून आहे?

खर्च शून्य. चिमूटभर वाळलं गवत खांद्याच्या उंचीवरून सोडा. मग झाडाचे शेंडे बघा. दोन्ही दिशा जुळतातच असं नाही, कारण जमिनीलगत वारा बांधांना, झुडपांना अडखळत वाहतो आणि वर मोकळा असतो. बास्केटच्या खांबाला दोन वीत रिबीन बांधून ठेवा. टीवरचा वारा आणि बास्केटपाशीचा वारा वेगळा असल्याचं आम्हाला त्या रिबिनीनेच पहिल्यांदा दाखवलं.

झोताची वेळही ओळखायला हवी. माळाच्या मालकबाबांनी आयुष्यभर धान्य उपणलं आहे. ते कडेला बसून आमची गंमत बघतात आणि मधूनच म्हणतात, “वारं पडू द्या की जरा.” बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. झोत येतो, जातो, मध्ये पाच-सात सेकंदांची उसंत देतो. स्पर्धेच्या नियमातही फेकीला ३० सेकंद मिळतात. एवढ्यात एक उसंत नक्की सापडते.

दुसरी: हातात कोणती डिस्क आहे?

इथेही खर्च नाही. डिस्क उलटी करा, खालच्या बाजूला ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. नवख्यांना हलक्या, १५० ग्रॅमच्या आसपासच्या डिस्क सोप्या पडतात, पण वारा त्यांना वाटेल तिकडे नेतो. गटात कोणाची १७० ते १७५ ग्रॅमची असेल तर ती मागून चार फेकी करा. आजार तिथेच गेला तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग वरच्या बाजूचे चार आकडे बघा. बहुतेक कंपन्या ते याच क्रमाने देतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटचं वळण. समोरच्या वाऱ्यात तिसरा आकडा महत्त्वाचा. तिथे -२ किंवा -३ असेल तर ती डिस्क उजवीकडे कलण्यासाठीच बनवली आहे आणि वारा तिला आणखी कलवणार. शून्य किंवा +१ असेल तर ती वाऱ्याला तोंड देते.

आकडे नव्या डिस्कचे असतात हेही लक्षात ठेवा. दोन वर्षं बाभळीला आणि दगडाला आपटलेली स्वस्त प्लास्टिकची डिस्क छापील आकड्यापेक्षा कितीतरी जास्त उजवीकडे जाते. ती फेकून देऊ नका, पाठच्या वाऱ्यात ती कामाची आहे.

डिस्क फरशीवर ठेवा. डगडगते का? उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे राहिलेली डिस्क वाकते. गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) काही मिनिटं ठेवून हाताने सरळ करा आणि सपाट फरशीवर वजनाखाली थंड होऊ द्या. बहुतेक वेळा जमतं. आणि कडेला चिकटलेली काळी माती पुसा. एका बाजूला मातीचा गोळा घेऊन फिरणारी डिस्क थरथरणारच. पावसाळ्यात दोन फडकी लागतात, एक पुसायला आणि एक कोरडं ठेवायला.

तिसरी: उंची

समोरच्या वाऱ्यात डिस्क दोन पुरुष उंचीच्या वर जाऊ देऊ नका. खाली वारा कमी असतो हे वर आलंच आहे. शिवाय खाली उडणारी डिस्क चुकली तरी तिला भरकटायला वेळ मिळत नाही. बास्केटकडे न बघता वाटेतलं एखादं कमी उंचीचं झुडूप लक्ष्य धरा, उंची आपोआप उतरते.

चौथी: नाक

आता मुख्य दुखणं. डिस्कची बास्केटकडची कड म्हणजे नाक. ते वर असेल तर समोरचा वारा पोटाखाली शिरतो आणि डिस्क पतंग होते. शांत हवेत नाक वर असूनही ती बऱ्यापैकी जाते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

ओळखायचं कसं? फेकणाऱ्याच्या मागे उभे राहा. डिस्क सुटल्यावर पहिल्या पंधरा पावलांत तिची पाठ, म्हणजे छापाची बाजू, तुम्हाला दिसली तर नाक वर आहे. नाक बरोबर असेल तर मागून फक्त एक बारीक रेघ दिसते. कोणी सोबत नसेल तर मोबाइल टेकवून ठेवा आणि चित्रीकरण सावकाश चालवून बघा. कमरेच्या उंचीवरून, मागून घेतलेलं चित्र सगळ्यात खरं बोलतं.

आमच्यात सातपूरला कारखान्यात फिटर असलेला एक जण आहे. त्याला हे पटेना. “माझी डिस्क एकदम लेव्हलला असते,” म्हणाला. दुसऱ्या रविवारी तो खरोखरच पाणसळ घेऊन आला, गवंड्यांकडे असते ती बुडबुड्याची. त्याला डोळे मिटायला लावले, हात बास्केटच्या दिशेने काढून सुटतानाच्या स्थितीत धरायला सांगितलं आणि डिस्कवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरळ बास्केटच्या बाजूला पळाला. तेवढ्याने वाद मिटला. आता प्रत्येक नव्या माणसाची अशी तपासणी होते. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं.

दुरुस्तीच्या तीन जागा आहेत. पहिली मनगट: झारीने कुंडीला पाणी घालताना मनगट करंगळीच्या बाजूला जसं खाली झुकतं तसं झुकवून धरा, आणि पाठीमागे हात नेल्यापासून सुटेपर्यंत तसंच ठेवा. दुसरी पकड: डिस्कची कड बोटांच्या मुळाशी न ठेवता तळहातात तिरकी बसवा, म्हणजे डिस्क हाताच्याच रेषेत येते. तिसरी वजन: फेक संपताना तुम्ही पुढच्या पायावर असायला हवं. वारा तोंडावर आला की माणूस नकळत मागे रेलतो, खांदा उचलतो आणि नाक वर जातं. मनगट कितीही सुधारा, मागे रेललात तर फुकट.

वाऱ्याकडे तोंड करून तीस-चाळीस पावलांवर वीस फेकी अर्ध्या जोराने करा. डिस्क वर चढायची थांबली आणि आता उजवीकडे कलू लागली तर खूश व्हा. एक आजार गेला म्हणून दुसरा दिसायला लागला आहे.

पाचवी: जोर आणि थरथर

वारा समोर आला की प्रत्येक जण जास्त जोर लावतो. मीही लावायचो. हिशेब पुन्हा बघा: जोर वाढला की हवेतला वेग वाढतो आणि उजवीकडचा कलही वाढतो. वर घाईत पकड सुटते आणि डिस्क थरथरत निघते. प्रत्येक थरथरीला ती वाऱ्याला कधी पोट, कधी पाठ दाखवते. जोर तीन चतुर्थांश ठेवा, फिरकी मात्र पूर्ण द्या. फिरकी मनगटाच्या शेवटच्या झटक्यातून येते, दंडातून नाही. सुरुवातीपासून मूठ आवळली तर हात काठीसारखा होतो. सैल धरा आणि सुटण्याच्या क्षणी आवळा. पतंग उडवणाऱ्याला ढील आणि खेच यांतला फरक सांगावा लागत नाही. येवल्याकडचा एक पोरगा आला होता, संक्रांतीला आसारी, म्हणजे मांजाचं रीळ, धरून मोठा झालेला. त्याला हे पहिल्याच दिवशी कळलं.

सहावी: कल

समोरच्या वाऱ्यात डिस्कची डावी कड थोडी खाली धरून सोडा, यालाच हायझर म्हणतात. वारा तिला उजवीकडे कलवून सरळ करेल आणि तुमचं काम तोच करेल. किती कल हे डिस्कवर आणि वाऱ्यावर आहे, ते हातालाच कळतं.

आडव्या वाऱ्यात एकच प्रश्न विचारायचा: वाऱ्याला पोट दिसतंय की पाठ? डावी कड खाली असेल तर पोट उजवीकडे उघडं असतं. वारा उजवीकडून आला तर तो पोटात शिरून डिस्क उचलतो आणि डावीकडे दूर नेतो. तोच वारा डावीकडून आला तर पाठीवर पडून तिला खाली दाबतो. उजवी कड खाली असेल तर सगळं उलट. द्राक्षबाग डावीकडे आणि वारा उजवीकडून, अशा वेळी हायझर म्हणजे बागेला आहेर. आधी कल सपाट ठेवा, मग लक्ष्य बाजूला सरकवा. बागेत डिस्क गेलीच तर विचारल्याशिवाय आत शिरू नका. तारा असतात, औषध मारलेलं असतं, आणि छाटणीनंतरची कोवळी फूट आपल्या कोपराने मोडली तर पुढच्या रविवारी माळ मिळणार नाही.

पाठच्या वाऱ्यासाठी फार सांगण्यासारखं नाही. हलकी किंवा घासलेली डिस्क घ्या, नेहमीपेक्षा उंच सोडा.

सातवी: पुट

समोरच्या वाऱ्यात पुट वर तरंगतो, म्हणून साखळीच्या खालच्या भागावर नेम धरा आणि नाक इथेही खालीच. पाठच्या वाऱ्यात तो खाली बसतो, तेव्हा वरच्या पट्टीवर नेम धरा. पण खरी तपासणी डोक्यात करायची: हुकला तर डिस्क कुठे जाईल? बास्केटमागे उतार आणि पाठीवर वारा असेल तर आठ मीटरवरून हिरो होऊ नका. बास्केटजवळ अलगद टाका आणि एक फेक जास्त मोजा. मी असे पुट मारून तीन-तीन फेकी घालवल्या आहेत.

आठवी: आता खिशात हात घाला

इथपर्यंतचं सगळं करून, तीन-चार रविवार घालवून, नाक खाली आणि थरथर बंद असूनही समोरच्या वाऱ्यात डिस्क गोता खात असेल, तरच नवी घ्या. एकच घ्या. वजन १७० ग्रॅमच्या वर, तिसरा आकडा शून्य किंवा +१, चौथा ३ किंवा जास्त. वेगाचा पहिला आकडा मात्र मध्यम असू द्या. १२-१३ वेगाचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, हाताला तेवढा वेग असेल तरच उडतो, नाहीतर डावीकडे जाऊन बसतो. मागवण्याआधी ओळखीच्यात कोणाकडे आहे का बघा आणि उसनी घेऊन चार दिवस वापरा.

साखळ्यांचं बास्केट १९७० च्या दशकात एड हेड्रिक यांनी बनवलं. २००२ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून डिस्क तयार केल्या गेल्या. आमची दोन बास्केटं एवढी थोर नाहीत, ती सायकलच्या रिमा आणि बाजारातल्या साखळ्या जोडून केलेली आहेत. झोतात बास्केटच डोलत असेल तर पुटला दोष देऊ नका. तळाशी मुरमाने भरलेली कांद्याची गोणी ठेवा. खांबाचा जोड हलत असेल तर तार गुंडाळत बसू नका, वेल्डरकडे न्या. खांबासकट बास्केट माणसाच्या अंगावर पडतं.

कधी थांबायचं

गडगडाट ऐकू आला की लगेच. उघडा माळ, हातात ओलं फडकं आणि शेजारी लोखंडी खांब, यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वादळात फांद्या मोडून पडतात, म्हणून तेव्हा खेळ नकोच.

डिस्क विहिरीत किंवा कालव्यात गेली तर गेली. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. विहिरीतून काढायचीच असेल तर मालकाला सांगा, ते गळ टाकून काढतात.

वाऱ्यावर मात करायला जोर लावून लावून कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन गेली तर ठीक. भरलेला तांब्या उचलतानाही दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा खांदा रात्री झोपू देत नसेल, तर तेल चोळत बसू नका, खेळ बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. आमच्यातल्या एकाने ‘होईल बरं’ म्हणत अख्खा पावसाळा रेटला आणि पुढचे सहा महिने तो कडेला बसून गुण लिहीत होता.

आणि महिनाभर सगळं करूनही फरक पडला नाही, तर स्वतःवर प्रयोग थांबवा. चुकीची फेक हजार वेळा केली की ती हातात पक्की बसते. मुंबई-पुण्याकडे कोणी अनुभवी खेळाडू किंवा प्रशिक्षक ओळखीचा असेल तर त्याला दोन चित्रफिती पाठवा, एक मागून आणि एक बाजूने, शांत हवेतली वेगळी आणि वाऱ्यातली वेगळी. सोबत डिस्कचं वजन, चार आकडे आणि वारा कुठून होता तेही लिहा. चित्रात वारा दिसत नाही, आणि बघणारा नेमकं तेच आधी विचारतो.